क्राउनची सुरुवात कोंबड्यांच्या खुराड्यातून

कुणीतरी लिहिलंय की क्राउन ही अ‍ॅम्प्लिफायर बनवणारी कंपनी पहिल्यापासून मोठ्या कॉन्सर्टवाल्यांची. तसं नाही हो. ती काढणारा क्लॅरेन्स मूर हा पाद्री, त्याला रेडिओचं वेड. इक्वेडोरमध्ये क्विटोच्या मिशनरी रेडिओ केंद्रावर (उंची साधारण 2,800 मीटर) विरळ हवेत अँटेनाच्या टोकांवर ठिणग्या उडून टोकं वितळायची. मूरनं टोकंच ठेवली नाहीत, तारेचा बंद चौकोन केला. हीच क्वाड अँटेना. हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, आजही वापरतात.

1947 मध्ये त्यानं अमेरिकेत, इंडियानातल्या एल्कहार्टला कंपनी काढली, तीही म्हणे कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात. आधी मिशनऱ्यांसाठी दणकट टेपरेकॉर्डर. 1967 चा डीसी-300 अ‍ॅम्प्लिफायर आला आणि चित्र पालटलं: ट्रान्झिस्टरवर चालणारा, आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही, चॅनेलला 150 वॅट. आज बेळगावात गणपतीच्या मिरवणुकीत हजार वॅटच्या खाली कुणी बोलत नाही, त्यामुळे आकडा फुसका वाटेल. पण तेव्हा एवढी ताकद इतक्या कमी डिस्टॉर्शनमध्ये (म्हणजे आवाज न बिघडता) मिळणं मोठीच गोष्ट होती. निपाणी-खानापूरकडच्या साउंडवाल्यांनी एकदा डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) वॅटच्या शेजारचा डिस्टॉर्शनचा आकडाही वाचावा, एवढीच विनंती.

2000 मध्ये कंपनी हार्मन या ऑडिओ कंपनीनं घेतली.