आयात मालाची शिल्लक मुदत : 60 टक्के की तीन महिने?

किराणा व्यापारी, पुणे

नमस्कार. परदेशी खाद्यपदार्थांचे आमचे छोटे दुकान असून आजवर आम्ही मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्यांकडूनच माल उचलत आलो. यंदा प्रथमच इटलीहून थेट आयात करायची आहे. एक माल 24 महिने टिकणाऱ्या ऑलिव्हच्या बरण्यांचा, तर दुसरा रीफर (शीत) कंटेनरमधून येणाऱ्या, 120 दिवसांची मुदत असलेल्या बटाट्याच्या न्योकीचा (छोट्या इटालियन गोळ्यांचा) आहे. बरण्यांचा जो साठा पुरवठादार सवलतीत देऊ करत आहे, तो न्हावा शेवा बंदरात उतरेल तेव्हा त्याची 11 महिन्यांचीच मुदत उरलेली असेल. ओळखीचे एक जुने व्यापारी म्हणतात की, 60 टक्के मुदत शिल्लक नसेल तर माल कस्टम्समधून सुटत नाही. पुरवठादार म्हणतो, भारतात तीन महिने पुरतात. नक्की कोणाचे ऐकावे?

कस्टम ब्रोकर, उरण

आपले व्यापारी मित्र जुना नियम सांगत आहेत. पूर्वी सरसकट 60 टक्क्यांची अट होती आणि ती इतकी डोक्यात बसली आहे की आजही अनेकजण तेवढेच वाक्य पुढे सांगतात. अन्न सुरक्षा व मानके (आयात) विनियम, 2017 नुसार आयातीच्या वेळी 60 टक्के किंवा तीन महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढी मुदत शिल्लक असावी लागते. सगळी गोम ‘जे कमी असेल’ या शब्दांत आहे.

आपल्या बरण्यांचे पाहा. 24 महिन्यांचे 60 टक्के म्हणजे 14 महिन्यांहून थोडे अधिक. त्याहून तीन महिने कमी, म्हणून तीन महिन्यांची अट लागू. आपल्याकडे 11 महिने आहेत, तेव्हा मुदतीच्या मुद्द्यावर तो माल अडायला नको. न्योकीचे गणित उलटे आहे. 120 दिवसांचे 60 टक्के म्हणजे 72 दिवस, आणि हे तीन महिन्यांहून कमी असल्यामुळे येथे 72 दिवस धरायचे. म्हणजेच कारखान्यातून पॅक होऊन बाहेर पडल्यापासून आयातीपर्यंत आपल्या हाती अवघे 48 दिवस राहतात. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांनंतर जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली, तेव्हा दहा-पंधरा दिवस त्यातच जाऊ लागले. त्यामुळे माल पुरवठादाराच्या शीतगृहात तीन आठवडे पडून राहिला तर हिशेब तेथेच चुकतो. ऑर्डर देताना ‘ताजा माल द्या’ असे मोघम न लिहिता उत्पादनाच्या तारखेपासून किती दिवसांच्या आत माल जहाजावर चढला पाहिजे, हे करारात लिहून घ्यावे.

आणखी एक. वेष्टनावर ‘बेस्ट बिफोर’ आणि ‘एक्स्पायरी’ अशा दोन तारखा असतील, तर जी आधी येते तीच धरली जाते.

आयातदार, ठाणे

वरील गणित बरोबर आहे, पण ते करायला उत्पादनाची तारीख तर छापलेली हवी. युरोपीय संघाच्या नियमांत ती छापण्याची सक्ती नाही आणि आपल्याकडे ती अनिवार्य आहे. आम्ही 2025 मध्ये बेल्जियमहून बिस्किटे मागवली, तेव्हा खोक्यावर फक्त ‘बेस्ट बिफोर’ आणि खाली ‘एल 25143’ असा लॉट क्रमांक होता. पुरवठादाराने कळवले की, हा 2025 सालचा 143 वा दिवस, म्हणजे 23 मे, हीच उत्पादनाची तारीख. मोजून पाहिली तर होतीही तीच! परंतु अधिकाऱ्यांनी ती मान्य केली नाही, आणि माझ्या मते त्यांचे चुकले नाही, कारण ग्राहकाने ते कोडे का सोडवावे? दृश्य तपासणीतच माल नाकारला गेला, नमुनासुद्धा घेतला नाही. पत्रव्यवहार चालू असेपर्यंत डेमरेजचे (माल बंदरात अडकल्याच्या भाड्याचे) मीटर फिरत राहिले ते वेगळेच.

तारखेचे स्टिकर येथे आणून लावू, असा विचार आपल्या मनात येईल; आमच्याही आला होता. आयातदाराचे नाव-पत्ता, एफएसएसएआयचे (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे) बोधचिन्ह व परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी चिन्ह अशा मोजक्या गोष्टी कस्टम्सच्या बॉण्डेड गोदामात (माल सुटेपर्यंत जेथे ठेवतात तेथे) चिकटवता येतात. ती मुभा तारखांना नाही. म्हणून पैसे पाठवण्यापूर्वी बरणीचा, झाकणाचा आणि खोक्याचा फोटो मागवा. झाकणावरची छपाई पुसट असेल तर तसेही स्पष्ट कळवा.

वितरक, नाशिक

बंदरातून सुटलेला माल विकलाच जाईल असे नाही, एवढे जोडतो. ऑनलाइन विक्रेत्यांना एफएसएसएआयने 2024 मध्ये अशी सूचना दिली की, ग्राहकाच्या हाती पडताना 30 टक्के मुदत किंवा मुदत संपण्यापूर्वीचे 45 दिवस शिल्लक असावेत. न्योकी 72 दिवसांवर उतरली आणि तपासणी-वाहतुकीत दोन आठवडे गेले, तर आपल्या शीतपेटीत ती जेमतेम दोन महिन्यांची पाहुणी ठरेल. पहिल्या खेपेला ती मागवूच नये, असे मला वाटते.

किराणा व्यापारी, पुणे

सर्वांचे आभार. न्योकी तूर्त रद्द केली आहे. बरणीचे फोटो आजच आले. झाकणावर एकच तारीख आहे आणि ती ‘बेस्ट बिफोर’चीच आहे. सवलतीचा साठा नाकारून, भारतासाठी उत्पादनाची आणि मुदतीची अशा दोन्ही तारखा छापलेला नवा माल देता येईल का, असे पुरवठादाराला विचारले आहे.