जॉइंटसाठी हातातला राऊटर (लाकडात खाचा कोरायचं मशीन) कोणता घ्यावा?

सागवानाची स्टुलं, छोटी टेबलं घरीच बनवतोय, सगळ्या खाचा पटाशीनेच मारतो पण वेळ फार जातो. ट्रिमर (छोटा राऊटर) घेऊ की मोठा प्लंज राऊटर?

> खाचांसाठी प्लंजच घ्या, चालू मशीन सरळ खाली उतरवता येतं. ट्रिमर कडा गोल करायला, सनमायका ट्रिम करायला मस्त, पण सागात खोल खाचेला दमतो. स्पीड कंट्रोल असलेलाच बघा, मोठं बिट (कापणारं पातं) फुल स्पीडला फिरवणं धोक्याचंय.

> कलेट (बिटचा दांडा पकडणारा भाग) नक्की बघा! ६ मिमीचं बिट पाव इंची म्हणजे ६.३५ च्या कलेटमध्ये अजिबात लावू नका, नीट पकडत नाही, सुटलं तर जिवावर बेतेल. बजेट असेल तर अर्धा इंची कलेटवालाच घ्या, जाड शँकचं (दांड्याचं) बिट कमी थरथरतं.

> आणि एका दमात खोल जाऊ नका हो, ३-४ मिमीच, तेही फेन्स (मशीन सरळ रेषेत ठेवणारी पट्टी) लावून.