विद्यार्थी उपक्रमांसाठी मिळणारा निधी नेमका कशावर खर्च करावा?

प्रश्न (सहायक प्राध्यापिका, विज्ञान शाखा, कोल्हापूर)

नमस्कार. विद्यार्थ्यांची प्रगती आणि महाविद्यालयातील परस्परसंबंध वाढावेत अशा उपक्रमांसाठी आमच्या महाविद्यालयाला थोडा निधी मिळण्याची शक्यता असून, प्रस्ताव तयार करण्याचे काम प्राचार्यांनी माझ्याकडे सोपवले आहे. जुने प्रस्ताव चाळले, तेव्हा एकदिवसीय कार्यशाळा, पाहुण्यांचे व्याख्यान, प्रमाणपत्रे आणि अल्पोपाहार याच बाबी पुन्हा पुन्हा दिसल्या. त्या निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु आमच्याकडील अडचण निराळी आहे.

प्रथम वर्षाची बरीच मुले-मुली राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, शाहूवाडी या तालुक्यांतून रोज एसटीने ये-जा करतात. घरातून पदवीच्या वर्गापर्यंत पोहोचलेली ती पहिलीच असतात, आणि पहिल्या सत्राचा निकाल लागल्यावर त्यांतली काही जण वर्गात दिसेनाशी होतात. सकाळच्या पहिल्या तासासाठी अंधारातच घर सोडलेली मुलगी दुपारच्या प्रात्यक्षिकापर्यंत थांबते, मधल्या वेळेत जिन्याच्या पायरीवर बसून डबा खाते, आणि प्रात्यक्षिक संपताच वहीत कच्च्या नोंदी कोंबून गाडी गाठायला धावते. अभ्यासमंडळ असो की स्नेहसंमेलनाची तालीम, तिचा कशातच सहभाग नसतो.

माझ्या मनात तीन गोष्टी आहेत: वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी खालच्या वर्गाचा अभ्यास घ्यावा, बाहेरगावच्या मुलींसाठी एक खोली असावी, आणि परीक्षा शुल्कासारख्या अडचणीत तातडीची मदत मिळावी. निधी मर्यादित आहे. आधी कशाला हात घालावा?

उत्तर १ (निवृत्त प्राचार्य)

मॅडम, आपला प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. शिवाजी विद्यापीठाच्या अग्रणी महाविद्यालय योजनेत (एका महाविद्यालयाने पुढाकार घेऊन परिसरातील महाविद्यालयांसाठी उपक्रम घेण्याची योजना) काम करताना मी एक गोष्ट सातत्याने पाहिली. जो उपक्रम एका दिवसात संपतो, त्याचा अहवाल उत्तम होतो. जो वर्षभर चालतो, त्याने मुले टिकतात. तेव्हा माझे मत पहिल्या कल्पनेच्या बाजूने आहे.

यासंबंधी अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत 1973 मध्ये सुरू झालेली पद्धत पाहण्यासारखी आहे. तेथे 'कच्चे विद्यार्थी' निवडले जात नाहीत. ज्या विषयात नापास होण्याचे प्रमाण जास्त, तो 'अवघड विषय' निवडला जातो. तो विषय चांगल्या रीतीने उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पुन्हा त्याच वर्गात बसतो, टिपणे काढतो, आणि आठवड्यातून काही वेळ सर्वांसाठी खुली अभ्यासबैठक घेतो. आपण 'उपचारात्मक वर्ग' अशी पाटी लावली की तेथे जायला मुलांना संकोच वाटतो. विषयाच्या नावाने बैठक ठेवली की हुशार मूलही येते आणि चाचपडणारेही येते. आपल्याकडे रसायनशास्त्र किंवा गणित यांपैकी एकच विषय घेऊन सुरुवात करावी.

दुसरी बाब कोल्हापूरकरांना वेगळी सांगायला नको, तरी या संदर्भात ती आठवण्यासारखी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून वसतिगृहांना बळ दिले. पुढे मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुले अशा अनेकांसाठी वसतिगृहे उभी राहिली. दरबाराने जागा आणि अर्थसाहाय्य द्यावे व त्या त्या समाजाने कारभार पाहावा, ही रीत अनेक ठिकाणी होती. पैसा देणारा आणि चालवणारा यांच्यातील ही वाटणी मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या प्रस्तावाच्या समितीत विद्यार्थी प्रतिनिधी केवळ स्वाक्षरीपुरते नसावेत. बैठकीची वेळ, जागा आणि विषय त्यांनीच ठरवावेत, कारण कोणाची गाडी किती वाजता सुटते हे त्यांनाच माहीत असते.

उत्तर २ (लेखा विभागातील कर्मचारी)

वरील सूचनांना माझा पाठिंबा आहे, मात्र खर्चाच्या बाजूने काही सांगणे आवश्यक वाटते. मंजूर प्रस्तावात खर्चाच्या ज्या शीर्षाचा, म्हणजे बाबीचा, उल्लेख नाही, त्यावर नंतर खर्च दाखवता येत नाही. म्हणून मार्गदर्शक विद्यार्थ्यांचे मानधन हे शीर्ष आरंभीच स्पष्ट लिहावे, दर आणि तास नमूद करावेत, उपस्थितीपत्रक ठेवावे आणि रक्कम थेट बँक खात्यात जमा करावी. असे असले म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरलेल्या कामासाठीच खर्च झाल्याचा दाखला, देताना अडचण येत नाही.

निधी प्रत्यक्ष हाती येईपर्यंत अनेकदा वर्ष निम्म्यावर आलेले असते आणि 31 मार्च डोक्यावर असतो. मग घाईघाईने खुर्च्या आणि फलक खरेदी होतात. हे टाळायचे असेल तर उपक्रम सत्रांत विभागून मांडावा, आणि पहिला टप्पा निधी नसतानाही सुरू करता येईल असा ठेवावा.

तातडीची रोख मदत मात्र या निधीतून देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. उपक्रमाचा निधी व्यक्तिगत साहाय्यासाठी वापरला की लेखापरीक्षणात आक्षेप येतो. त्यासाठी माजी विद्यार्थी संघाकडून स्वतंत्र निधी उभारावा.

उत्तर ३ (माजी विद्यार्थिनी)

मी स्वतः 'कमवा आणि शिका' योजनेत काम करून शिकले, म्हणून लिहीत आहे. आदरणीय सरांचे म्हणणे मला मान्य आहे, पण क्रम मी बदलेन. खोली आधी हवी. ज्या मुलीला दोन तास निर्धास्तपणे बसायला जागा नाही, ती अभ्यासबैठकीलाही थांबणार नाही. त्यासाठी फार पैसा लागत नाही: रिकामा पडलेला एखादा वर्ग, पिण्याचे पाणी, चार्जिंगची सोय, स्वच्छतागृह जवळ असणे आणि दाराची किल्ली मुलींच्याच गटाकडे असणे, एवढे पुरते. अभ्यासबैठक त्याच खोलीत दुपारी भरवली तर दोन्ही कामे एका जागी होतील.

तातडीच्या मदतीचा विषय लेखा विभागाच्या सूचनेप्रमाणे वेगळा ठेवला तरी तो सोडून देऊ नका. अमेरिकेतील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने थोड्याशा थकीत शुल्कामुळे नाव कमी होण्याची वेळ आलेल्या विद्यार्थ्यांना छोटी रक्कम देण्याची योजना चालवली. अर्जाची वाट न पाहता पात्र विद्यार्थ्यांच्या खात्यात विद्यापीठच ती जमा करते. मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आपल्याकडची मुलगी मदत मागायला कार्यालयाच्या खिडकीपर्यंत येत नाही. ती घरी राहते आणि विचारणाऱ्याला "शेतात काम होतं" एवढेच सांगते. शुल्काची यादी कार्यालयाकडे असतेच, ती वर्गशिक्षकांनी वेळेत पाहावी.

राष्ट्रीय सेवा योजनेतील स्वयंसेवकांना दोन वर्षांत 240 तासांचे काम करायचे असते. बैठकीची व्यवस्था, नव्या मुलांना ग्रंथालय व शिष्यवृत्तीचे अर्ज समजावणे ही कामे त्या तासांत धरता येतील का, हे आपल्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची मनापासून आभारी आहे. खोली आणि एका विषयाची अभ्यासबैठक हे दोन्ही एकत्र मांडते. मानधनाचे शीर्ष वेगळे दाखवते, आणि शुल्क-साहाय्याचा विषय माजी विद्यार्थी संघाच्या पुढील बैठकीत ठेवते. विषय म्हणून रसायनशास्त्र निश्चित करत आहे, कारण आमच्याकडे प्रथम वर्षात मुले तिथेच सर्वाधिक अडतात. परिणाम तपासण्यासाठी उत्तीर्णांची टक्केवारी पुरेशी वाटत नाही. पहिल्या सत्रात नाव असलेले किती जण दुसऱ्या सत्राच्या परीक्षेला बसले, हे पाहावे असा विचार आहे. याशिवाय कोणती नोंद ठेवावी?

उत्तर १ यांची पुरवणी

ही नोंद योग्यच आहे, मॅडम. तिला आणखी एक जोडा: जे परीक्षेला आले नाहीत, त्यांच्या घरी वर्गशिक्षकाने स्वतः फोन करून कारण विचारावे आणि ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे, नाव मात्र अहवालात घालू नये. पुढील वर्षीचा प्रस्ताव त्या वहीवरूनच लिहा.