मदत हवी आहे : इटलीतले लेक्स, तिथल्या जुन्या व्हिला आणि बागा (सोबत आई, गुडघ्यांचा त्रास)

शेवंती

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर मदत हवी आहे म्हणून धागा काढतेय.

पुढच्या वर्षी एप्रिल-मेच्या सुमारास आईला घेऊन इटलीला जायचं ठरतंय. भाऊ मिलानला शिकतोय त्यामुळे पहिली राहायची सोय तिथे आहेच. रोम, व्हेनिस, पिसाचा मनोरा यातलं आईला काहीही नकोय, तिला फक्त उत्तरेकडचे लेक्स आणि तिथल्या बागा बघायच्यात. आईने नोकरीभर कॉलेजात बॉटनी शिकवली, पोरांना घेऊन आंबोली, महाबळेश्वर, कास सगळीकडे फिरली, हर्बेरियमच्या (वाळवलेल्या रोपांच्या संग्रहाच्या) शीट्स करून घेतल्या, पण बाहेरच्या देशातली झाडं तिने कायम पुस्तकातल्या चित्रातच बघितली. आता गुडघे दुखतात. सपाटीवर हळूहळू तास-दीड तास चालते, मधे बाकावर बसायला मिळालं की परत चालते, पण जिने उतरताना फार त्रास होतो. हे पुढे ढकलून चालणार नाही असं मला मनापासून वाटतंय, म्हणून सगळं नीट ठरवूनच जायचंय.

एका ट्रॅव्हल कंपनीकडून प्लॅन मागवला होता, त्यात कोमो लेक अर्धा दिवस, काठच्या बेलाज्जो गावाला उतरवून तासभर फ्री टाइम आणि परत बस, बाग एकही नाही. त्यामुळे आपलं आपणच जायचं ठरवलं.

मी वाचून काढलेली नावं अशी : कोमोवर व्हिला कार्लोत्ता, व्हिला मेल्झी, बालबियानेल्लो, व्हिला मोनास्तेरो आणि माज्जोरे लेकवर इझोला बेल्ला, इझोला माद्रे, व्हिला तारांतो. गार्डा लेकचंही नाव आलं पण ते फार लांब पडेल असं वाटतं. मिलान सोडून हातात चार-पाच दिवस असतील. कोमो घ्यावा की माज्जोरे की दोन्ही थोडं थोडं, कुठल्या बागेत किती जिने आहेत हे कोणी स्वतः चालून बघितलं असेल तर प्लीज सांगा, साइटवर सगळीकडे नुसते सुंदर फोटो आहेत, पायऱ्यांचं कोणी लिहीत नाही. आणि फुलांच्या हिशोबाने नेमकं कधी जावं? गाडी घ्यायची नाहीये, ट्रेन आणि बोटीने होईल ना?

मिलानवासी

शेवंतीताई, काकूंसाठी माझं मत सरळ माज्जोरेला. कोमो प्रसिद्ध आहे, सुंदर आहे, पण झाडांसाठी जायचं तर माज्जोरेला तोड नाही. तिथली माती आम्लधर्मी आहे, त्यामुळे कॅमेलिया, अझालिया, ऱ्होडोडेंड्रॉन ही मंडळी तिथे झुडपं न राहता झाडं होतात. उत्तरेचा गार वारा आल्प्स अडवतो आणि लेकचं एवढं पाणी उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतं, म्हणून त्या अक्षांशावर लिंबू-संत्री आणि पामची झाडं जगतात. काकूंना हे मी काय सांगणार, पण तिथे उभं राहिलं की अंगाला जाणवतं.

व्हिला तारांतोपासून सुरुवात करा, लेककाठच्या पालान्झा गावाजवळ आहे. नील मॅकेकर्न नावाच्या स्कॉटिश कॅप्टनने १९३१ मध्ये ती जागा घेतली आणि जगभरातून रोपं, बिया आणून लावत बसला. १९३९ मध्ये त्याने ती इटलीच्या सरकारला देऊन टाकली, युद्ध संपल्यावर १९५२ मध्ये लोकांसाठी उघडली. साधारण १६ हेक्टर आहे, रस्ते मिळून सात एक किलोमीटर भरतात. सगळं एका दमात करायचं नाही. मुख्य वाटा पक्क्या आणि हळू चढाच्या आहेत, बाकं भरपूर, झाडांना नावाच्या पाट्या. महाल बघायला नाहीच तिथे, नुसती झाडं. मॅकेकर्नची समाधीही बागेतच आहे. आणि डेव्हिडिया आहे! पांढरे रुमाल वाळत घातल्यासारखं दिसणारं ते चिनी झाड, एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या पंधरवड्यात फुलतं. काकूंना त्याच्याखाली बसवा आणि घाई करू नका.

इझोला माद्रे दुसऱ्या दिवशी. बोरोमेओ घराण्याचं बेट, बाग इंग्लिश धाटणीची, आठ हेक्टर. धक्क्यावरून वर यायला थोडा चढ आहे, नंतर आरामात. तिथे पॅलेससमोर एक काश्मीर सायप्रस आहे, क्युप्रेसस कश्मीरियाना. नावात काश्मीर असलं तरी झाड भूतान आणि आपल्या अरुणाचलचं. २००६ च्या जूनमध्ये वादळाने ते मुळासकट आडवं झालं होतं. एवढं मोठं जुनं झाड, कोणीही म्हटलं असतं की संपलं, पण त्या लोकांनी ते परत उभं केलं, स्टीलच्या दोरांनी चारी बाजूंनी बांधलं आणि ते जगलं. आजही त्या दोरांसकट उभं आहे. मी इथे आल्यापासून पाहुणे आले की त्यांना हे झाड दाखवायला नेतोच.

इझोला बेल्लाचं मात्र विचार करून ठरवा. तिथे आधी पॅलेस फिरून मगच बागेत जाता येतं आणि बाग म्हणजे एकावर एक दहा टेरेस, पायऱ्याच पायऱ्या. १६३२ मध्ये तिसऱ्या कार्लो बोरोमेओने बायकोसाठी, इझाबेल्लासाठी, बांधायला घेतलं, त्या बेटाचं नावही तिच्यावरूनच. बघण्यासारखं आहेच, पांढरे मोर हिंडत असतात, १९३५ ची इटली-ब्रिटन-फ्रान्सची परिषद, समोरच्या स्त्रेसा गावाच्या नावाने ओळखतात ती, त्याच पॅलेसमध्ये झाली. पण गुडघ्यांना ते सगळ्यात जड जाईल. वरपर्यंत न जाता खालच्या टेरेसवर बसलात तरी चालेल.

पानफूल

मी कोमोची बाजू घेते. मिलानवासी म्हणतात ते झाडांच्या बाबतीत खरंय, पण कोमोला एक दिवस तरी द्याच, आणि तो व्हिला मेल्झीला द्या. बेलाज्जोमध्ये आहे, लेकच्या काठाकाठाने लांबच लांब बाग, जवळपास सपाट. माझ्या सासूबाईंना वॉकिंग स्टिक घेऊन जमलं. नेपोलियनच्या काळात इटालियन रिपब्लिकचा जो उपाध्यक्ष होता, फ्रान्चेस्को मेल्झी, त्याचा हा व्हिला, १८०८ ते १८१० मधे बांधलेला. घर आतून बघता येत नाही, पण बागेत जपानी धाटणीचं छोटं तळं, मेपल, आणि पाण्याकडेला छाटलेल्या प्लेन (चिनारच्या जातीच्या) झाडांची रांग आहे. तिथे बाकावर बसून आम्ही अख्खी दुपार घालवली.

व्हिला कार्लोत्ता समोरच्या काठाला, त्रेमेझ्झोला. अझालियांसाठी एप्रिलच्या उत्तरार्धात आणि मेमध्ये लोक मुद्दाम येतात, वाटेच्या दोन्ही बाजूंनी डोक्यापेक्षा उंच गुलाबी भिंती होतात. शिवाय ट्री-फर्न्सची एक दरी आहे, काकूंना ती जास्त आवडेल. पण प्रवेशालाच समोर मोठा दुहेरी जिना आहे आणि वरचा भाग चढाचा, हे लक्षात ठेवा. आत कानोव्हाची शिल्पं आहेत. नाव प्रिन्सेस शार्लोटवरून पडलं, तिच्या आईने १८४३ मध्ये हे घेऊन पुढे तिला लग्नात दिलं.

बालबियानेल्लो म्हणजे रणवीर-दीपिकाच्या लग्नाचा, लेन्नोचा. शेवटचा मालक ग्वीदो मोंझीनो, त्याने १९७३ मध्ये इटलीची पहिली एव्हरेस्ट मोहीम नेली होती, मरताना व्हिला एफएआय या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन गेला. छत्रीसारखा छाटलेला ओक बघण्यासारखा आहे. पण चालत गेलात तर चढ-उतार, बोटीने गेलात तर उतरल्यावर पायऱ्या, वर आधीच बुकिंग लागतं आणि आठवड्यातून एक-दोन दिवस बंद. तुमच्या जागी मी असते तर सोडला असता, बोटीतून बाहेरून छान दिसतो.

आणि एक महत्त्वाचं. वारेना, बेलाज्जो, मेनाज्जो, कादेनाब्बिया यांच्यामधे जी गाड्या नेणारी मोठी फेरी चालते त्यातूनच जा, पायी प्रवासीही घेतात. तिचा रॅम्प रुंद असतो, सरळ चालत आत जायचं. छोट्या बोटींत हलत्या फळीवरून जावं लागतं, तिथे गुडघेवाल्यांची धांदल उडते.

शेवंती

दोघांचेही खूप खूप आभार, आईला मोठ्याने वाचून दाखवलं. काश्मीर सायप्रसचं ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, आधी तिथेच जाऊ. त्यामुळे इझोला माद्रे पक्कं!

आता वेळेचं. आईला व्हिला तारांतोची व्हिक्टोरिया, ती परातीएवढ्या पानांची पाण्यातली वनस्पती, पण बघायची होती. ती कधी फुलते? आणि कॅमेलिया एप्रिलमध्ये मिळेल का? सगळं एका वेळी मिळणार नाही हे कळतंय, पण काय सोडावं ते कळत नाहीये.

मिलानवासी

शेवंतीताई, व्हिक्टोरिया आणि कमळं जुलै-ऑगस्टची, डेलिया साधारण जुलैअखेर ते ऑक्टोबर. ती या खेपेला सोडा. व्हिक्टोरिया कोलकात्याजवळ हावड्याच्या शिबपूर बोटॅनिकल गार्डनमध्येही बघता येते, काकूंना तिथे नेणं सोपं आहे. कॅमेलियाचा भर मार्च ते एप्रिलच्या सुरुवातीला, महिन्याअखेर उशिराची थोडी फुलं मिळतील. डेव्हिडिया, अझालिया, ऱ्होडोडेंड्रॉन हे तिन्ही एकत्र हवे असतील तर एप्रिलचा शेवट ते मेचा दुसरा आठवडा. पण २५ एप्रिल आणि १ मे इथे सुट्ट्या असतात, अख्खं मिलान लेकवर येतं, विशेषतः वारेनाच्या ट्रेनला उभं राहायलाही जागा नसते. म्हणून मी म्हणेन १ मे उलटून गेल्यावर, सोमवार ते शुक्रवार. त्या दिवसांत पाऊसही पडतो, रेनकोट आणि न घसरणारे बूट हवेतच, ओल्या दगडी वाटा वाईट.

मिलानो चेंत्राले (मिलानचं मुख्य स्टेशन) ते स्त्रेसा तासाभराची ट्रेन आहे, वारेनाही साधारण तेवढंच. माज्जोरेहून कोमोला जायचं तर मिलानवरूनच जाणं सोयीचं. कागदी तिकीट घेतलंत तर चढायच्या आधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये पंच करा. आणि अधूनमधून शोपेरो म्हणजे संप असतो, आठवडाभर आधी बातमी येते. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ लोकल-प्रादेशिक गाड्यांची काही सेवा चालू ठेवावीच लागते, त्या वेळा धरून निघा.

रानवाट

फक्त जेवणाचं सांगतो. काकू शाकाहारी असतील तर रिसोत्तो मागवताना ब्रोदो कशाचा ते विचारा, बऱ्याचदा मांसाचा रस्सा असतो. बेटांवर जेवण महाग आणि गर्दीचं, डबा न्या. व्हिसा लवकर लावा, अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा व्हिसा) एकच असल्याने त्याच माज्जोरे लेकवर स्वित्झर्लंडच्या बाजूला ब्रिसागो बेटं आहेत, तिथेही बोटॅनिकल गार्डन आहे, दिवस उरला तर बघा. पासपोर्ट बरोबर ठेवा मात्र.

शेवंती

मग असं ठरवतेय. मेच्या पहिल्या आठवड्यानंतर, स्त्रेसाला तीन रात्री, पहिल्या दिवशी इझोला माद्रे, मग व्हिला तारांतोला पूर्ण दिवस, तिसरा दिवस पावसासाठी आणि विश्रांतीसाठी मोकळा. पाय बरे असतील तर त्या दिवशी इझोला बेल्लाच्या खालच्या टेरेस. मग मिलानला परत येऊन एक दिवस वारेनामार्गे व्हिला मेल्झी, फेरी मोठी. कार्लोत्ता आईचा त्या दिवशीचा मूड बघून. आता शेवटचं, राहायला स्त्रेसा बरं की पालान्झा? तारांतो पालान्झाला आहे म्हणून विचारतेय.

मिलानवासी

स्त्रेसाच. स्टेशन तिथे आहे, पालान्झाला नाही. सामान आणि काकूंना घेऊन बस बदलत बसू नका. स्त्रेसाहून सरकारी बोट बेटं करत पालान्झा आणि व्हिला तारांतोच्या धक्क्याला जाते, दोन्ही दिवसांना ती एकच लाइन पुरेल. धक्क्यावर खाजगी मोटरबोटवाले हाका मारतात, ती वेगळी तिकिटं, सरकारी बोटीच्या खिडकीवरच जा. आणि टाइमटेबलचा फोटो काढून ठेवा, संध्याकाळच्या शेवटच्या बोटी लवकर संपतात. हॉटेल धक्क्याजवळ, रस्त्याच्या खालच्या बाजूचं बघा, वरच्या बाजूची चढावर आहेत. लिफ्ट आहे का हे मेलवर लेखी विचारून घ्या.