दोनच संगणक असतील तर मध्ये स्विच कशाला?

सरळमार्गी: एडिटिंगचा संगणक आणि फायलींचा सर्व्हर एकाच टेबलाखाली असतात, तरी लोक आधी १० गिगाबिटचा (म्हणजे सेकंदाला १० गिगाबिट वेगाचा) स्विच, म्हणजे अनेक संगणक एकमेकांना जोडणारा डबा, शोधायला लागतात. माझं मत ठाम आहे: दोन्हीकडे एसएफपी प्लस कार्ड (१० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड) टाका, मध्ये डॅक केबल (दोन्ही टोकांना प्लग बसवूनच येणारी तांब्याची केबल) जोडा, विषय संपला. १ गिगाबिटवर सेकंदाला जेमतेम ११० मेगाबाइट जातात, म्हणजे १०० गिगाबाइटचं फुटेज हलवायला पंधरा मिनिटं. १० गिगाबिटवर तेच दीड-दोन मिनिटांत.

जुनाखिळा: साफ असहमत. सर्व्हरमध्ये एकच हार्डडिस्क असेल तर ती सेकंदाला अडीचशे मेगाबाइटच्या आसपासच दम तोडते. साटा एसएसडीसुद्धा (साटा या जुन्या जोडणीवरची चिपवाली डिस्क) साडेपाचशेला अडकते. मग १० गिगाबिट घेऊन करायचं काय? २.५ गिगाबिटचा पोर्ट हल्ली बऱ्याच मदरबोर्डवर आयताच मिळतो आणि भिंतीतली कॅट ५ई केबलही (नेहमीची नेटवर्कची तार) चालते. शिवाय तिसरा संगणक आला की तुमची थेट केबल तिथेच संपली.

सरळमार्गी: तिसरा येईल तेव्हा स्विच घेऊ, कार्डं काही वाया जात नाहीत. आणि डिस्क एकच असेल हे कशावरून? दोन्हीकडे एनव्हीएमई (साटापेक्षा कितीतरी वेगवान एसएसडी) असेल तर २.५ गिगाबिटवर तीच अडते.

पोर्टवाला: तुम्ही दोघं वेगावर भांडताय, पण लोकांचं घोडं अडतं ते सेटिंगमध्ये. थेट केबलवर पत्ते वाटणारा राउटर नसतो, त्यामुळे दोन्ही यंत्रं स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतात. कनेक्शन होतं, पण सर्व्हर नावाने उघडला की फायली खुशाल वायफायवरून जाऊ शकतात आणि शिव्या केबलला! एकीकडे १०.१०.१०.१, दुसरीकडे १०.१०.१०.२ असे पत्ते हाताने द्या, गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या राउटरचा पत्ता) रिकामा सोडा आणि शेअर (सर्व्हरवरचं सामायिक फोल्डर) सर्व्हरच्या त्या पत्त्यानेच उघडा. विंडोज या जोडणीला ‘पब्लिक’ धरतं, ते ‘प्रायव्हेट’ करा, नाहीतर शेअरिंग बंदच राहतं.

जुनाखिळा: हेच म्हणतोय मी! स्विच राउटरला जोडलेला असला की यातलं काहीच करावं लागत नाही. आणि सर्व्हर पलीकडच्या खोलीत असेल तर? साधी डॅक पाच-सात मीटरच्या पुढे जात नाही. कॅट ६ए (कॅट ५ईपेक्षा वरच्या दर्जाची तार) वर १० गिगाबिट १०० मीटर जातं.

सरळमार्गी: मग कॅट ६ए टाका, पण तीही थेटच! त्या तारेसाठीची १० गिगाबिटची कार्डं एसएफपी प्लसपेक्षा जास्त तापतात, तेवढी हवा खेळती ठेवा. पत्ते एकदाच द्यायचे असतात. आणि वेग कमी वाटला तर आधी आयपर्फ (डिस्क न वापरता फक्त नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्राम) चालवा. तिथे नऊच्या वर गिगाबिट दिसले, तर केबल आणि कार्ड ठीक आहेत, डिस्ककडे बघा.