सायकलच्या दांडीतून जाणारी ब्रेकची वायर
मागच्या ब्रेकची वायर बदलताना ‘दांडीच्या आत पितळी नळी असतेच, वायर नुसती ढकला’ असं सांगतात, ते सगळ्या जुन्या इटालियन फ्रेमना लागू नाही. १९८०च्या दशकातल्या बऱ्याच फ्रेमच्या दांडीला नुसती दोन भोकं असतात, आउटर (तारेवरचं आवरण) आतून अखंड जातं. माझी कोलंबस एसएलची (इटालियन कंपनीच्या पातळ पोलादी नळ्यांची) फ्रेम तशीच. मी शहाणपणा करून इनर (आतली तार) नि आउटर एकदमच उपसलं आणि अख्खा रविवार घालवला! शेवटी मागच्या भोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावून पुढून शिवणाचा दोरा खेचून घेतला.

म्हणून जुनी इनर आतच राहू द्या. मागच्या ब्रेकपाशी सोडवून तिच्यावरून आउटर काढा, नवं तिच्यावरूनच आत सरकवा. आणि पुढच्या भोकाभोवती ग्रीस लावाच. घाम तिथेच ठिबकून गंज चढतो, नि दांडीचा पत्रा मधोमध जेमतेम ०.६ मिमी.