इस्केमियाला काय म्हणावं? 'अरक्तता' लिहून फसले

मिरजवाली: महाधमनीचा छातीतला फुगा काढतात त्या शस्त्रक्रियेचं संमतीपत्र मराठीत करतेय. धमनीला चिमटा लावला की मेरुरज्जूचं (पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या चेतातंतूंच्या दोरीचं) रक्त तुटतं, पाय लुळे पडू शकतात. ह्या 'स्पायनल कॉर्ड इस्केमिया'ला मी 'अरक्तता' लिहिलं. पेशंटच्या मुलाने विचारलं, "बाबांचं हिमोग्लोबिन १३ आहे, रक्त कमी कसं?" दुसऱ्या दिवशी बीट न् डाळिंबं घेऊन हजर! काय लिहू?

भूलतज्ज्ञ: ताई, सरळ 'रक्तपुरवठा कमी पडणे' लिहा. ऑपरेशनभर आम्ही तोच सांभाळतो. धमनीतल्या सरासरी दाबातून मेरुद्रवाचा (रज्जूभोवतीच्या द्रवाचा) दाब वजा केला की उरतो तो रज्जूला रक्त पोचवणारा दाब. म्हणून कमरेतून बारीक नळी घालून द्रव काढतो, त्याचा दाब पाऱ्याच्या १० मिमीच्या आसपास ठेवतो आणि रक्तदाब पडू देत नाही. अंगही थोडं गार ठेवतो, म्हणजे चेतापेशींना प्राणवायू कमी लागतो.

मिरजवाली: पटलं, पण फॉर्मात हा शब्द अकरा वेळा येतो. नाम हवंय.

शुद्धलेखक: 'रक्तरोध'. मूळ ग्रीक शब्दातही 'अडवणं' आणि 'रक्त' हेच आहे. आपल्याकडे घडवता येत असताना उसनं कशाला?

भूलतज्ज्ञ: काका, 'रक्तरोधक' म्हटलं की वाहतं रक्त थांबवणारं औषध वाटतं. उलटाच अर्थ व्हायचा.

जुना_विद्यार्थी: मला आधी 'मेरुरज्जू'च खटकतोय. आम्ही 'मज्जारज्जू' शिकलो.

शुद्धलेखक: चूकच ते. मज्जा हाडात असते. सप्तधातूंत अस्थीनंतरचा सहावा धातू. पाठीतल्या दोरीला मज्जा म्हणाल, तर बोन मॅरोला काय म्हणणार?

जुना_विद्यार्थी: अस्थिमज्जा! आणि 'मज्जातंतू' सगळे म्हणतातच की. फारसी 'मगज' आणि संस्कृत 'मज्जा' एकाच मुळातले. मगज म्हणजे मेंदूही आणि हाडातला गरही. म्हणजे हाडातला गर आणि मेंदू, दोन्हींना एकच शब्द.

भूलतज्ज्ञ: ओपीडीत तर सगळेच 'मणक्याची नस' म्हणतात. इथे तो शब्द धोक्याचा आहे, कारण रक्तवाहिनीही नस आणि चेतातंतूही नस. 'नसेला रक्त मिळालं नाही' म्हटलं की कोणती नस, हे नातेवाइकाला कळत नाही. रज्जूच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाला एकच धमनी रक्त पुरवते. तिला खालच्या भागात मोठा आधार देणारी ॲडमकिविझची धमनी बहुधा डावीकडून येते. ती चिमट्याखाली गेली तर पाय जायचा धोका. हे 'नस' म्हणून सांगूच शकत नाही.

शुद्धलेखक: म्हणूनच म्हणतो, रज्जू 'मेरू'चाच ठेवा.

जुना_विद्यार्थी: आणि मज्जासंस्थेचं काय करणार, मेरुसंस्था?

मिरजवाली: सध्या 'रक्ततुटवडा' टाकलाय. कोणी हा शब्द घरी ऐकलाय का?

जुना_विद्यार्थी: रक्तपेढीच्या बातमीत, रोज. पण ताई, मज्जारज्जूचं आधी ठरू दे.